रिकाम्या पेटीचीही नोंद : इंग्लंडच्या रानातील डॉर्माउसची पाहणी आणि जपणूक

हेझल डॉर्माउस हा दक्षिण इंग्लंड आणि वेल्समधील रानांत राहणारा, सोनेरी-तांबूस केसांचा, टपोऱ्या काळ्या डोळ्यांचा आणि केसाळ शेपटीचा एक इवलासा कृंतक, म्हणजे उंदीर-खारींसारखा कुरतडणारा प्राणी, आहे. उन्हाळ्यात त्याचे वजन साधारण १५ ते २० ग्रॅम भरते, म्हणजे दोन-तीन सुपाऱ्यांएवढे. तो रात्री हिंडतो, जागेपणी जमिनीवर क्वचितच उतरतो आणि ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत शीतनिद्रेत असतो. त्यामुळे ज्या रानात तो पिढ्यान्‌पिढ्या नांदतो, त्या रानाच्या कडेला आयुष्य काढलेल्या माणसांनीही त्याला कधी पाहिलेले नसते. अशा प्राण्याची संख्या वाढते आहे की घटते आहे, हे सांगायचे तर योगायोगाने झालेल्या दर्शनावर विसंबून चालत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या महिन्यांत, वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने पाहणी करावी लागते, आणि हे काम ब्रिटनमध्ये प्रामुख्याने स्वयंसेवक करतात.

‘पीपल्स ट्रस्ट फॉर एन्डेंजर्ड स्पीशीज’ ही संस्था ‘नॅशनल डॉर्माउस मॉनिटरिंग प्रोग्रॅम’ नावाचा उपक्रम तीस वर्षांहून अधिक काळ चालवत आहे. डॉर्माउसने घरटे करावे म्हणून शेकडो रानांत लावलेल्या लाकडी पेट्या स्वयंसेवक उघडून पाहतात आणि जे दिसेल ते लिहून पाठवतात. याच नोंदींच्या आधारे या संस्थेने २०२३ मध्ये जाहीर केले की २००० सालापासून ब्रिटनमधील डॉर्माउसची संख्या ७० टक्क्यांनी घटली आहे आणि इंग्लंडच्या २० काउंट्यांमधून, म्हणजे जिल्ह्यांसारख्या विभागांतून, तो नाहीसा झाला आहे. हा आकडा मांडता आला तो प्राणी सापडल्याच्या आनंदात लिहिलेल्या नोंदींइतकाच, पेटी रिकामी निघाल्यावरही तिच्यासमोर शून्य लिहिणाऱ्या माणसांच्या शिस्तीमुळे. हे काम हाती घेऊ इच्छिणाऱ्या, विशेषतः शिक्षण-नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी निसर्गप्रेमींनी ही एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी, कारण पुढची सगळी कार्यपद्धती तिच्यावरच उभी आहे.

नावाबद्दल एक खुलासा येथेच करतो. सह्याद्रीच्या दक्षिण भागात, केरळ-कर्नाटक-तमिळनाडूच्या जंगलांत ‘मलबार स्पायनी डॉर्माउस’ नावाचा एक काटेरी केसांचा प्राणी आहे, परंतु नाव सारखे असले तरी तो निराळ्या कुळातला आहे. त्याची माहिती वाचून हेझल डॉर्माउसविषयी अनुमान काढू नये. भीमाशंकरला शेकरूची घरटी मोजताना पाहिलेल्या वाचकांना मात्र या कामाचे मर्म लवकर उमगेल, कारण तिथेही प्राण्यापेक्षा त्याच्या खुणाच अधिक सापडतात.

रान वाचायला शिकणे

पेटी हातात घेण्याआधी रान पाहावे. डॉर्माउसच्या आतड्यात अंधांत्र, म्हणजे तंतू पचवायला मदत करणारी पिशवी, नसते, त्यामुळे पानांतले तंतू त्याला नीट पचत नाहीत. त्याला फुले, परागकण, किडे, फळे आणि कवचफळे अशा पौष्टिक खाण्यावर जगावे लागते, आणि यांपैकी कोणतीही एक गोष्ट सगळा हंगाम मिळत नाही. वसंतात हॉथॉर्न आणि ओकची फुले, मग हनीसकलच्या वेली आणि ब्रँबल नावाच्या काटेरी जाळीची फुले, मधल्या पडत्या दिवसांत सुरवंट आणि मावा, आणि शेवटी शीतनिद्रेपूर्वी चरबी साठवण्यासाठी हेझल या झुडूपवजा झाडाची कवचफळे आणि ब्लॅकबेरी अशी साखळी एकाच छोट्या परिसरात सलग असावी लागते. या साखळीतला एक दुवा तुटला तरी प्राणी उपाशी पडतो. म्हणून रानात शिरल्यावर ‘येथे हेझल आहे का’ एवढाच प्रश्न पुरेसा नाही. मे महिन्यात येथे काय फुलते, जुलैत काय मिळते आणि एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्यावर जमिनीला पाय न लावता जाता येते का, हे तिन्ही प्रश्न विचारावेत आणि त्यांची उत्तरे नकाशावर टिपून ठेवावीत.

शेतांच्या कडेने वाढलेली जुनी जिवंत कुंपणे, ज्यांना तेथे हेजरो म्हणतात, तीही तितक्याच काळजीने पाहावीत. दोन रानांना जोडणारी ती डॉर्माउसची पायवाटच असते आणि कित्येकदा वस्तीचे ठिकाणही.

कवचावरचा पुरावा

नवशिक्या स्वयंसेवकाने सुरुवात हेझलच्या रिकाम्या कवचांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. यासाठी प्राण्याला हात लावावा लागत नाही, खर्च नाही, आणि एकदा नजर तयार झाली की ती आयुष्यभर कामी येते. १९९३ मध्ये ब्रिटनभर हजारो लोकांनी अशी कवचे गोळा केली होती आणि डॉर्माउस कोठे उरला आहे याचे चित्र त्या ‘ग्रेट नट हंट’मधून प्रथमच स्पष्ट झाले.

सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचा काळ उत्तम, कारण तेव्हा कवचे ताजी असतात. भरपूर फळे धरणाऱ्या हेझलखाली दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असा चौकोन आखावा, गुडघ्यांवर बसून पालापाचोळा हलक्या हाताने बाजूला करावा आणि वीस मिनिटे शोध घ्यावा. असे पाच चौकोन पाहावेत.

सापडलेले कवच भिंगाखाली धरून दोन ठिकाणी पाहायचे असते : भोकाची आतली कड आणि भोकाभोवतीचा बाहेरचा पृष्ठभाग. डॉर्माउस कवच फिरवत-फिरवत कुरतडतो, त्यामुळे भोक गोल असते आणि त्याची आतली कड बोट फिरवले तर गुळगुळीत लागते. दातांच्या खुणा कवचाच्या पृष्ठभागावर, भोकाच्या कडेने तिरप्या उमटलेल्या असतात. रानउंदराने फोडलेल्या कवचाच्या आतल्या कडेवर नाण्याच्या कडेसारख्या समांतर खाचा दिसतात आणि बाहेरही ओरखडे असतात. बँक व्होल या आखूड शेपटीच्या कृंतकाच्या कवचावर आतल्या कडेला खाचा असतात, पण बाहेरचा पृष्ठभाग स्वच्छ असतो. खार कवचाची सरळ दोन शकले करते. आणि सुईने टोचल्यासारखे अगदी बारीक, नीटस भोक दिसले तर ते भुंगेऱ्याच्या अळीने बाहेर पडताना पाडलेले असते. वर्णन वाचून हे सगळे सोपे वाटते, परंतु पहिल्या दिवशी प्रत्येक कवच डॉर्माउसचेच वाटू लागते, हे मी अनुभवाने सांगतो. शंकास्पद कवचे कागदी पाकिटात ठेवावीत, पाकिटावर तारीख आणि नकाशावरील संदर्भ लिहावा आणि जाणकाराकडून खात्री करून घ्यावी. पाच चौकोनांत इतर प्राण्यांनी फोडलेली पुष्कळ कवचे मिळाली आणि डॉर्माउसचे एकही मिळाले नाही, तर तीही नोंद पाठवावी.

नळ्या आणि गुणांचे गणित

जेथे हेझल नाही किंवा तिला फळे धरत नाहीत, तेथे नळ्या वापरतात. पन्हळी प्लास्टिकची, सुमारे २५ सेंटीमीटर लांब आणि पाच सेंटीमीटर रुंद अशी ही चौकोनी नळी असते. तिच्या एका टोकाला बंद करणारी लाकडी पट्टी आत सरकवलेली असते आणि दुसरे टोक उघडे राहते. आडव्या फांदीखाली ती तारेने पक्की बांधावी, कारण हलणाऱ्या नळीत डॉर्माउस घरटे करत नाही. नळी म्हणजे त्याला दिवसा झोपण्यासाठी दिलेला आडोसा.

किमान ५० नळ्या, साधारण वीस-वीस मीटर अंतरावर लावाव्यात. डॉर्माउस नळीत येण्याची शक्यता प्रत्येक महिन्यात वेगळी असते, म्हणून ५० नळ्यांच्या पाहणीसाठी महिन्यांना गुण ठरवून दिले आहेत : एप्रिलला १, मेला ४, जूनला २, जुलैला २, ऑगस्टला ५, सप्टेंबरला ७, ऑक्टोबरला २ आणि नोव्हेंबरला २. एकूण २० गुण भरल्याशिवाय ‘येथे डॉर्माउस नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणजे नळ्या जूनच्या आरंभी लावल्या तर त्या नोव्हेंबर संपेपर्यंत ठेवाव्या लागतात, आणि केवळ सप्टेंबरमध्ये दोन आठवडे नळ्या टांगून रस्त्यासाठी किंवा घरांसाठी रान मोकळे असल्याचा दाखला देणे हा त्या प्राण्यावर अन्याय आहे. गुणांचा हा तक्ता बांधकामापूर्वीच्या पाहणीत किती मोलाचा ठरतो, हे लक्षात घेऊन स्वयंसेवकाने तो पाठच करावा.

अलीकडे पाऊलखुणांचे बोगदेही वापरात आले आहेत. पाइपच्या आत ठेवलेल्या फळीवर कागद लावून दोन्ही टोकांना कोळशाची पूड आणि खाद्यतेल यांची शाई फासतात. डॉर्माउसच्या पंजावरील गाद्या त्रिकोणी असल्याने कागदावरचा ठसा उंदराच्या ठशापेक्षा वेगळा ओळखू येतो.

परवाना आणि पेटी

यापुढच्या कामाला कायद्याची मर्यादा आहे आणि ती मनापासून पाळली पाहिजे. १९८१ चा वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड ॲक्ट आणि २०१७ ची हॅबिटॅट्स रेग्युलेशन्स यांनुसार डॉर्माउसला पकडणे, त्याला जाणूनबुजून त्रास देणे आणि त्याच्या विश्रांतीची किंवा विणीची जागा मोडणे हे गुन्हे आहेत. जेथे डॉर्माउस असल्याचे ठाऊक आहे तेथील पेट्या उघडण्यासाठी आणि प्राणी हाताळण्यासाठी इंग्लंडमध्ये ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी संस्थेचा, तर वेल्समध्ये ‘नॅचरल रिसोर्सेस वेल्स’चा परवाना लागतो. नव्या माणसाने परवानाधारकाच्या देखरेखीखाली काम करावे, निरनिराळ्या हंगामांत पुरेशा फेऱ्या कराव्यात आणि प्रशिक्षकाने योग्य ठरवल्यावरच स्वतःच्या परवान्यासाठी अर्ज करावा. आपल्या काउंटीतील डॉर्माउस गट किंवा वाइल्डलाइफ ट्रस्ट यांच्याशी हिवाळ्यातच संपर्क साधला, तर वसंतातल्या पहिल्या फेरीला जागा मिळण्याची शक्यता अधिक असते.

पेटी पक्ष्यांच्या लाकडी पेटीसारखीच असते, पण तिचे तोंड झाडाच्या बुंध्याकडे असते. मागे दोन पट्ट्या ठोकून बुंधा आणि पेटी यांत फट ठेवलेली असते, म्हणजे डॉर्माउस खोडावरून सरळ आत शिरतो आणि पक्षी मात्र सहसा दुसरीकडे जातात. पेट्या छातीच्या ते डोक्याच्या उंचीवर लावतात आणि एका रानात साधारण ५० असतात. एप्रिल ते नोव्हेंबर महिन्यातून एकदा फेरी व्हावी. ते जमत नसेल तर निदान वसंताच्या अखेरीस एक आणि शरदात एक फेरी चुकवू नये : पहिलीत शीतनिद्रेतून किती जगले हे कळते आणि दुसरीत वीण कशी झाली हे कळते.

पेटीजवळ बोलणे थांबवून जावे. सर्वप्रथम भोकात कापडाचा बोळा घालावा, मगच झाकण किंचित सरकवून आत पाहावे. नुसते शेवाळ असेल तर ते टिट पक्ष्याचे घरटे. वाळक्या पानांचा विस्कळीत ढीग आणि उग्र वास असेल तर रानउंदीर. आणि हनीसकलच्या सालीचे तलम धागे गोल विणून त्याभोवती हेझलची हिरवी पाने लपेटलेला, वर कोठेही दार न दिसणारा गोळा असेल तर ते डॉर्माउसचे घर. गांधीलमाश्या किंवा वटवाघळे दिसल्यास झाकण लगेच लावावे. वटवाघळांनाही स्वतंत्र कायदेशीर संरक्षण आहे.

डॉर्माउसचे घरटे असेल तर पेटी झाडावरून काढून मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावी आणि जमिनीवर बसूनच झाकण काढावे. निसटलेला प्राणी पिशवीतच राहतो, आणि हातातून सुटला तरी तो उंचावरून पडत नाही. घरटे हलक्या हाताने उलगडावे. शेपटीला कधीही धरू नये, कारण तिची कातडी सोलून निघते आणि ती पुन्हा येत नाही. प्राण्याला छोट्या पिशवीत घेऊन स्प्रिंगच्या काट्यावर वजन करावे आणि पिशवीचे वजन वजा करावे. नर की मादी, प्रौढ की यंदाचे पिल्लू, जागे की सुप्त, हे पाहून तत्काळ परत ठेवावे. थंड दिवसांत डॉर्माउस उन्हाळ्यातही सुप्त होतो. तेव्हा तो गार, घट्ट गुंडाळलेला आणि क्वचित शीळ घातल्यासारखा श्वास घेणारा असतो. तो मेलेला नसतो आणि त्याला हाताच्या उबेने जागे करायचे नसते, कारण जागे होण्यात त्याची साठवलेली शक्ती खर्च होते. गुलाबी, केस न आलेली पिल्ले दिसली तर मोजण्याचा मोह आवरून पेटी बंद करावी आणि नोंदीत ‘गुलाबी पिल्ले, संख्या अनिश्चित’ असे लिहावे. अचूक आकड्यापेक्षा त्या मातेने पिल्ले न सोडणे मोठे आहे. वर्षातून एक, फार तर दोन विती आणि एका वितीत साधारण चार-पाच पिल्ले, एवढ्यावर या जातीचा संसार चालतो.

पेटी परत टांगल्यावर बोळा लगेच काढू नये. आतली हालचाल शांत होऊ द्यावी. तसेच पुढच्या पेटीकडे जाताना आधीचा बोळा काढला का, हे जोडीदाराने मोठ्याने विचारावे. आमच्या गटात हा प्रश्न प्रत्येक पेटीला विचारला जातो, कारण विसरलेला बोळा म्हणजे कोंडलेला प्राणी.

चिल्टर्न टेकड्यांच्या परिसरात काम करणाऱ्यांनी एक जादा सावधगिरी बाळगावी. १९०२ मध्ये ट्रिंग येथे युरोपातून आणून सोडलेला ‘एडिबल डॉर्माउस’ तेथे पसरला आहे आणि तोही पेट्यांत शिरतो. तो राखाडी, हेझल डॉर्माउसच्या कित्येक पट मोठा आणि कडकडून चावणारा असतो. झाकण पुरते उघडण्यापूर्वी फटीतून रंग पाहणे एवढ्यासाठीही आवश्यक आहे. सगळ्याच रानांत गोचिडींपासून लाइम आजाराचा धोका असल्याने पँट मोज्यांत खोचावी आणि घरी परतल्यावर अंग नीट तपासावे.

नोंदवही

नोंदवहीत प्रत्येक पेटीची एक ओळ असावी : क्रमांक, घरटे आहे का, कोणाचे, प्राणी किती, वजन, लिंग, अवस्था. रिकाम्या पेटीपुढे शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये, कारण कोरी जागा वाचणाऱ्याला ‘पाहिली नाही’ असे सांगते आणि शून्य ‘पाहिली, नव्हता’ असे सांगते. या दोन वाक्यांतला फरक घरी बसून आकडेवारी करणाऱ्या माणसाला दुसऱ्या कशानेही कळत नाही. ज्या रानात सलग तीन-चार फेऱ्या रिकाम्या जातात तेथे स्वयंसेवकांचा उत्साह ओसरतो आणि ते फेऱ्याच बंद करतात. परिणामी प्राणी कमी झालेली रानेच आकडेवारीतून गळतात आणि परिस्थिती आहे त्यापेक्षा बरी दिसू लागते. म्हणून रिकाम्या रानाची फेरी अधिक निष्ठेने करावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

शरदातल्या फेरीत सुमारे १५ ग्रॅमपेक्षा हलके पिल्लू सापडले तर ते हिवाळा काढू शकेल का याची शंका असते. अशा वेळी स्वतः काही न करता परवानाधारकाचा सल्ला घ्यावा.

रानाची निगा

मोजणे हे जपणुकीचे अर्धे काम आहे. हेझलची झाडे बुंध्याशी तोडून त्यांना नवे फुटवे येऊ देण्याची कॉपिसिंग नावाची जुनी पद्धत विसाव्या शतकात मागे पडली, वरचे छत दाट झाले, खाली ऊन पोहोचेना आणि ब्रँबल, हनीसकल व फळे धरणारी हेझल तिन्ही दुर्बळ झाली. आता अनेक रानांत स्वयंसेवक हिवाळ्यात हे काम पुन्हा करतात. लहान-लहान तुकडे आळीपाळीने, १५ ते २० वर्षांच्या फेऱ्याने तोडावेत आणि शेजारचा तुकडा तोडताना आधीचा पुरेसा वाढलेला असावा, म्हणजे फांद्यांचा मार्ग तुटत नाही. हरणांची संख्या जास्त असेल तर नवे फुटवे कुंपण घालून किंवा तोडलेल्या फांद्या वर रचून राखावे लागतात. नाहीतर सगळी मेहनत त्यांच्या तोंडी जाते. हेजरोची छाटणी दरवर्षी न करता दोन-तीन वर्षांआड आणि सगळ्या बाजूंची एकदम न करता करावी, असे शेतमालकांना समजावून सांगणे हे देखील स्वयंसेवकाचेच काम आहे, आणि माझ्या मते सर्वांत फलदायी.

जेथून डॉर्माउस नाहीसा झाला तेथे तो पुन्हा आणण्याचे प्रयत्न १९९३ मध्ये केंब्रिजशायरमधील एका रानापासून सुरू झाले. बंदिवासात वाढवलेल्या प्राण्यांची आधी आरोग्यतपासणी होते, मग ते जूनमध्ये झाडाला बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवले जातात आणि त्यानंतर पिंजऱ्याला बाहेरची वाट करून दिली जाते. पुढची कित्येक वर्षे त्या रानातल्या पेट्या पाहण्याचा भार स्थानिक स्वयंसेवकांवर असतो. एका रानातला प्राणी आपल्या मनाने उचलून दुसऱ्या रानात सोडणे मात्र बेकायदा आणि घातक आहे.

हिवाळ्यात डॉर्माउस पेटीत नसतो. तो जमिनीवर, पालापाचोळ्याखाली किंवा जुन्या बुंध्याच्या तळाशी मुठीत मावेल एवढ्या विणलेल्या गोळ्यात झोपलेला असतो. म्हणून कॉपिसिंगच्या वेळी जड यंत्रे रानात आणू नयेत, तोडलेले लाकूड ठरलेल्या एकाच वाटेने ओढावे आणि बुंध्याभोवतीचा पाला हलवू नये. त्याच महिन्यांत पेट्या उतरवून त्यांतली जुनी घरटी काढावीत, सैल झाकणे आणि गंजलेल्या तारा बदलाव्यात, पुसट झालेले क्रमांक पुन्हा रंगवावेत आणि मार्चअखेर प्रत्येक पेटी तिच्या जुन्याच झाडावर, जुन्याच उंचीवर टांगावी, म्हणजे एप्रिलची पहिली ओळ गेल्या वर्षीच्या ओळीखाली लिहिता येते.